त्रिपुरासुराची तीन नगरं कक्षेत फिरवायची आहेत: अडीच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट, मार्गदर्शन हवं

तिसरी_फ्रेम (बेळगाव)

नमस्कार मंडळी. पदविकेच्या शेवटच्या वर्षासाठी आम्ही तिघं मिळून अडीच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करूलालोय. विषय त्रिपुरासुर. तारकासुराच्या तीन मुलांची ती फिरती नगरं, सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं, आमच्याकडे पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी अवकाशस्थानकं झाली आहेत. तिन्ही एका रेषेत आली की तेवढ्यात एकच बाण. स्टोरीबोर्डच्या ४२ चौकटी तयार आहेत, पण सलग बघितल्या की खटकतं: शंकराच्या जटेत अँटेना, नंदीला चाकं, दागिन्यांवर निळे दिवे. मिसळल्यासारखं वाटतच नाही, वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

तर विचारायचं ते असं. कक्षा खऱ्या हिशेबानं कशा बसवायच्या, म्हणजे ‘एका रेषेत येणं’ ही उगाच कॅमेऱ्याची चलाखी वाटणार नाही? पात्रं चामड्याच्या बाहुल्यांसारखी सपाट आणि नगरं त्रिमित, असं चालेल का? शीर्षक मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं, त्यात जोडाक्षरं फुटतात, ते वेगळंच.

हाताशी ८ जीबी रॅमचा एक संगणक (वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही), एक पेन टॅब्लेट, दोन फोन. सॉफ्टवेअर फुकटातली: ब्लेंडर (त्रिमित कामाला), क्रिटा (चित्रं रंगवायला), इंकस्केप (अक्षरं आणि रेषाकृतींना). वेळ दहा आठवडे. प्रदर्शनात पडद्याशेजारी चार फुटांचं टेबल मिळणार आहे, तिथं काहीतरी हलतं ठेवता आलं तर बघायचंय.

हलशी_भूवराह

अँटेना आधी काढा. विज्ञान वेशभूषेत घातलं की ते नाटकातल्या पुठ्ठ्याच्या मुकुटासारखं दिसतं. रूप जुनंच राहू द्या. ते रूप ज्या नियमानं हलतं तो नियम विज्ञानाचा घ्या. तुमच्या गोष्टीत तर नियम आयता आहे.

महाभारताच्या कर्णपर्वात तिघे भाऊ अमरपण मागतात, ब्रह्मदेव नकार देतो. मग अट ते स्वतःच घालतात: हजार वर्षांनी नगरं एकत्र येतील, तेव्हा एकाच बाणानं जो फोडेल त्याच्याच हातून मरण. म्हणजे गोष्टीचा सगळा भार वेळ साधण्यावर आहे आणि कक्षांचं गणितही तेच सांगतं. सोन्याचं नगर तारकाक्षाचं, स्वर्गात. चांदीचं कमलाक्षाचं, अंतरिक्षात. लोखंडाचं विद्युन्मालीचं, पृथ्वीवर. तुम्ही लोखंडालाही वर नेताय, हरकत नाही, पण त्याला सगळ्यांत खालची कक्षा द्या. क्रम मोडू नका.

आता हिशेब. तिन्ही कक्षा वर्तुळाकार आणि एकाच प्रतलात धरा. फेरीचा काळ २, ३ आणि ५ तास घ्या. लसावि ३०. एकदा जुळलेली नगरं ३० तासांनी बरोबर त्याच दिशेला पुन्हा जुळतात. तोवर लोहपुराच्या १५, रजतपुराच्या १० आणि सुवर्णपुराच्या ६ फेऱ्या झालेल्या असतात. केप्लरच्या तिसऱ्या नियमानं (काळाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात) त्रिज्यांचं प्रमाण १ : १.३१ : १.८४ येतं. पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ८,०६०, १०,५६० आणि १४,८४५ किमी. कागदावर पृथ्वीची त्रिज्या १० सेंमी काढलीत तर कक्षा १२.६, १६.६ आणि २३.३ सेंमीवर पडतात. हे आकडे पाळा, नजरेनं ठरवू नका. बहुतेक विद्यार्थ्यांच्या कामात तिन्ही कड्या समान अंतरावर असतात आणि तिन्हींचा वेग सारखा असतो. तसं झालं की त्या कक्षा राहत नाहीत, गाडीची चाकं होतात. बाहेरचं नगर सावकाशच जायला हवं: लोहपुर सेकंदाला ७ किमी, सुवर्णपुर ५.२ किमी.

खरी गंमत बाणाची आहे. प्रत्येक नगर ५० किमी रुंद धरलं तर तिन्ही एकामागे एक राहण्याचा अवधी फक्त १८ सेकंदांचा. लोहपुर ते सुवर्णपुर अंतर सुमारे ६,७९० किमी. सेकंदाला ८ किमी जाणारा बाण तेवढं अंतर कापायला १४ मिनिटं घेईल, आणि तोवर लोहपुर कक्षेत ४२ अंश पुढं निघून गेलेलं असेल. त्यामुळं बाण लाकडाचा, धातूचा असूच शकत नाही. कर्णपर्वात तो विष्णू, अग्नी आणि सोम मिळून झालेला आहे. तुम्ही तो उजेडाचा करा. प्रकाशाला तेवढ्या अंतराला एका सेकंदाचा चाळिसावा भागही पुरतो. २४ फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमपेक्षा कमी! म्हणून बाण पडद्यावर नेमक्या एका फ्रेमपुरता दाखवा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पांढरी रेघ, पुढच्या फ्रेमला नाही. त्यानंतर १० ते १२ फ्रेम काहीच हलू देऊ नका. बाण उडताना दाखवायचा मोह होईल, तो आवरा.

घाटाखालचा_चित्रकथी

सपाट पात्रं आणि त्रिमित नगरं चालतील, पण दोन्हींना एक समान खूण हवी. चामड्याच्या बाहुलीत दागिने रंगानं कमी आणि भोकांनी जास्त दिसतात. मागचा दिवा त्या भोकांतून येतो. तीच भोकं नगरांच्या खिडक्या करा. मुकुटावर छिद्रांची जी नक्षी, तीच सुवर्णपुराच्या कडीवर. मग वेगळे निळे दिवे लागतच नाहीत.

आपल्याकडच्या तोगलु गोंबेयाटात (चामडी बाहुल्यांच्या खेळात) बाहुलीचा आकार पात्राच्या मानानुसार बदलतो: राजा आणि देव मोठे, चाकर लहान. हे तुम्हाला फुकटात मिळालेलं आहे. अंतराळात दूर-जवळ कळायला खुणाच नसतात, तेव्हा आकार मानानुसार ठेवला तरी कुणाला खटकत नाही. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी कला) बघायची तर आंबोली उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. फोटोंत रेषेची जाडी कळत नाही.

एका पात्राचे ११ तुकडे करा: डोकं, धड, कंबर, दोन दंड, दोन हात (कोपराखालचा भाग पंज्यासकट), दोन मांड्या, दोन पाय. चार हातांचा शंकर केलात तर १५. क्रिटात उभी आकृती २,००० पिक्सेल उंच काढा, नाहीतर जवळच्या दृश्यात फाटेल. कोपर आणि गुडघा इथं दोन्ही तुकड्यांची टोकं पूर्ण गोल ठेवा, गोलाचा व्यास हाताच्या रुंदीइतकाच, आणि फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या मध्यावर. टोक सपाट ठेवलंत तर हात वाकला की बाहेरच्या बाजूला पाचर उघडी पडते. सांध्यावरून आडवी बाह्यरेषा काढू नका, ती वाकताना दुमडलेल्या कागदासारखी दिसते. ब्लेंडरमध्ये तुकडे एकावर एक ठेवताना प्रत्येकात थोडं अंतर सोडा (०.०१ पुरे). एकाच पातळीवर ठेवले तर कोणता वर हे ब्लेंडरला ठरवता येत नाही आणि ते लुकलुकतात.

भोकं ४-५ पिक्सेलपेक्षा लहान होऊ देऊ नका, म्हणजे अंतिम चौकटीत मोजून. त्याहून बारीक भोकं हलताना चमचमतात आणि नक्षीऐवजी खराब सिग्नल वाटतो. लांबच्या दृश्यासाठी कमी आणि मोठ्या भोकांची दुसरी प्रत काढून ठेवा.

आणि गती. नगरं प्रत्येक फ्रेमला हलू देत, पात्रांची मुद्रा दर दोन फ्रेमला बदला. यंत्राची चाल सलग, देवाची चाल बाहुलीची. एवढ्या फरकावर दोन जगं वेगळी कळतात.

जुनी_वही

संदर्भचित्रांबद्दल एक सांगतो, कारण परीक्षक नक्की विचारणार. ‘प्राचीन विमान’ असं शोधलंत की शंकूच्या आकाराची, आत पंखे-नळ्या दाखवलेली रेखाटनं येतात. ती वैमानिकशास्त्र नावाच्या ग्रंथासाठी १९२३ च्या सुमारास बंगळूरच्या एका आरेखकानं काढलेली आहेत. ग्रंथही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून ती विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. ती चित्रं शंभर वर्षांपूर्वीची विज्ञानकथा म्हणून मजेची आहेत, पण पुराणातलं रूप म्हणून घेतलीत तर तोंडी परीक्षेत अडकाल. तुमचा पट ‘आपल्याकडे हे सगळं होतंच’ असं म्हणतोय का, हे श्रेयनामावलीत एका ओळीत स्पष्ट लिहा: कल्पनाचित्र. विषय संपला.

खरे संदर्भ गावातच आहेत. किल्ल्यातली कमल बस्ती (जैन देऊळ) १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छतातलं कमळ ७२ पाकळ्यांचं: २४ तीर्थंकर, भूत-वर्तमान-भविष्य असे तीन काळ. अवकाशस्थानकाची कडी याहून चांगली कुठं मिळणार? जैन देवालयाची नक्षी जशीच्या तशी असुराच्या नगरावर उतरवू नका, ते बरं दिसणार नाही, मांडणी घ्या. २४ खोल्यांची कडी, दर १५ अंशांवर एक, आणि अशा तीन कड्या एकात एक. ब्लेंडरमध्ये एकच खोली घडवून अ‍ॅरे मॉडिफायरनं (एकाच वस्तूच्या अनेक प्रती करणारी सोय) फिरवली की झालं.

छताचा फोटो हातात फोन धरून घेऊ नका, तिरकाच येतो. फोन स्वच्छ रुमालावर, पडदा खाली आणि मागचा कॅमेरा वर, असा कमळाच्या बरोबर मध्याखाली जमिनीवर ठेवा, १० सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. पाकळ्या सगळीकडून सारख्या येतात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, रुमालाला लागत नाही.

लोहपुरासाठी दीपमाळ बघा. निमुळता खांब, बाहेर आलेल्या दिव्यांच्या घोड्या, खालचा जाड चौथरा: त्याला अंतराळात आडवं केलं की नगर तयार. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा ज्या गोष्टीसाठी पेटतात तीच ही गोष्ट, तेव्हा तुमच्या प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायला नको.

रथ मात्र काढूच नका. शिवमहिम्नाच्या अठराव्या श्लोकात रथ म्हणजे पृथ्वी, सारथी ब्रह्मदेव, धनुष्य पर्वतराज, चाकं सूर्य-चंद्र, बाण विष्णू. कॅमेरा शंकराच्या पावलापासून मागं घ्या, मागंच घेत राहा, आणि पावलाखालची जमीन वक्र होत होत पृथ्वी दिसू द्या. रथ दिसला. नंदीची चाकं गेली.

तिसरी_फ्रेम

सगळ्यांचे आभार. अँटेना काढल्या. काल रात्री चाचणी केली: १ तास म्हणजे १ सेकंद धरून लोहपुराची फेरी ४८ फ्रेमला, रजतपुराची ७२, सुवर्णपुराची १२०. हिशेब बरोबर जुळतो, ७२० व्या फ्रेमला तिन्ही रेषेत. पण लोहपुर पंख्यासारखं गरगरतं, नगर वाटतच नाही. दुसरं म्हणजे कॅमेरा बाजूला सरकला की पात्रं थरथरतात. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी नगर किंचित अडखळतं.

हलशी_भूवराह

गरगरण्याचं कारण सोपं आहे: मोठी वस्तू हळू हलते, हे डोळ्याला लहानपणापासून माहीत असतं. सगळ्याला तीननं गुणा. फेरी ६, ९ आणि १५ सेकंद. फ्रेम १४४, २१६, ३६०. प्रमाण तेच, त्रिज्याही त्याच. आता तिन्ही ९० सेकंदांनी जुळतात.

घड्याळ शून्यावर सुरू करू नका, नाहीतर पहिल्याच फ्रेमला तिन्ही रेषेत असतील आणि सगळं फुटेल. पट सुरू होताना कक्षांचं घड्याळ ५० व्या सेकंदावर ठेवा. मग पहिला योग पटाच्या ४० व्या सेकंदाला येतो आणि दुसरा १३० व्या. पहिला योग हुकवा: तयारी पूर्ण नाही, रेषा जुळते आणि सुटते. नियम प्रेक्षकाला तिथं कळतो. दुसऱ्या वेळी तो स्वतःच वाट बघत बसतो. उरलेली २० सेकंदं पडझडीला पुरतात.

थरथरण्याचं उत्तर घाटाखालचे देतील.

घाटाखालचा_चित्रकथी

कॅमेरा दर फ्रेमला सरकतो आणि पात्र दर दोन फ्रेमला. मधल्या फ्रेमला पात्र पार्श्वभूमीबरोबर वाहत जातं आणि पुढच्या फ्रेमला झटक्यानं जागेवर येतं, ती ही थरथर. पात्राची जागा बदलणारं मूळ हाड (रूट) सलग राहू द्या, फक्त हातापायांच्या हाडांना ग्राफ एडिटरमधला स्टेप्ड मॉडिफायर लावा, स्टेप २. सरकत्या कॅमेऱ्याच्या दृश्यांतच हे करायचं. कॅमेरा स्थिर असेल तिथं सगळंच दोनवर ठेवलं तरी चालतं.

अडखळण्याची कारणं दोन. किल्ल्या (कीफ्रेम) टाकल्या की ब्लेंडर आपोआप सुरुवातीला आणि शेवटी वेग कमी करतो. इंटरपोलेशन लिनिअर करा. आणि ० अंश पहिल्या फ्रेमला असेल तर ३६० अंश १४५ व्या फ्रेमला हवा, १४४ व्या नव्हे. रेंडर (अंतिम चौकटी काढून घेणं) १ ते १४४ एवढंच. नाहीतर एकच चौकट दोनदा येते आणि डोळा ती पकडतोच.

हलगी_आणि_घंटा

आवाजाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या आकड्यांत ताल तयार आहे. बाणाच्या दिशेची रेषा प्रत्येक नगर जेव्हा ओलांडतं तेव्हा त्याचा एक ठोका: लोहपुराला ऐरणीवरचा घण दर ६ सेकंदांनी, रजतपुराला घुंगरांचे चाळ दर ९ नं, सुवर्णपुराला देवळातली घंटा दर १५ नं. घड्याळ ५० वर सुरू केलंत तर चौथ्या सेकंदाला घण आणि चाळ एकत्र, १० व्याला घण आणि घंटा, २२ व्याला पुन्हा घण-चाळ, आणि ४० व्याला तिन्ही. नंतर ८५ व्याला फक्त चाळ आणि घंटा येतात. त्या जागी घण नाही हे कानाला चटकन जाणवतं. संगीतकार नसला तरी चालेल.

हलगी शेवटच्या १८ सेकंदांतच आणा, ११२ पासून. ११२ ला घण-चाळ एकत्र पडतात, त्यावर चढ सुरू करा. बाणाच्या फ्रेमला सगळं बंद. पोकळीत आवाज जायला हवा नसते, त्यामुळं दोन सेकंदांची शांतता इथं विज्ञानालाही धरून होते. ध्वनिमुद्रण फोनवर करा, पण हलगीपासून तीन मीटरवर. जवळ धरलात तर टिपरीचा कडक आवाज फाटतो आणि फाटलेला नंतर शिवता येत नाही. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास. फोनची आपोआप आवाज कमी-जास्त करण्याची सोय बंद करता येईल असं अ‍ॅप घ्या.

पीएनजीच_बरी

१५० सेकंद गुणिले २४ म्हणजे ३,६०० फ्रेम. फ्रेमला ४० सेकंद लागले तर ४० तास, ३ मिनिटं लागली तर साडेसात दिवस, तेही वीज गेली नाही तर. तुमच्या यंत्रावर सगळं एकत्र रेंडर करण्याचा विचार सोडा. नगरं वेगळी, पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करा. एक फेरी झाली की तीच चित्रमालिका पुन्हा पुन्हा वापरता येते. लोहपुराचे १४४, रजतपुराचे २१६, सुवर्णपुराचे ३६०, मिळून ७२० फ्रेम. जड काम एवढंच. बाकी सपाट चित्रं, ती झरझर होतात. एक अडचण: एकाच फेरीत उजेडाची दिशा पक्की होते, तेव्हा सूर्य पूर्ण पटात एकाच बाजूला ठेवा आणि या लांबच्या दृश्यांत कॅमेऱ्याचा कोनही बदलू नका.

थेट व्हिडिओ फाइल कधीही रेंडर करू नका. मध्येच वीज गेली तर सगळी फाइल जाते. पीएनजी मालिका, आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू. मग थांबलेलं काम पुढून सुरू होतं. थांबलेल्या जागची रिकामी, शून्य बाइटची फाइल मात्र हातानं पुसा, नाहीतर ब्लेंडर ती झाली असं समजून पुढं जातो आणि तुम्हाला मधली एक फ्रेम काळी मिळते.

क्रिटातले रंग ब्लेंडरमध्ये फिके दिसत असतील (दिसणारच) तर कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ करा आणि चित्राला इमिशन मटेरिअल (स्वतः उजळणारं, सावली न घेणारं) द्या. मूळच्या सेटिंगमध्ये भगवा विटकरी होतो.

शीर्षक: ब्लेंडरमध्ये टाइप करू नका. ‘त्रिपुर’ मधल्या ‘त्रि’ ची वेलांटी उजवीकडे जाऊन बसते आणि त-र सुटे होतात, तेच ना? इंकस्केपमध्ये लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, एसव्हीजी म्हणून आणा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकृती झाली, फुटणार नाही. पाथ करायच्या आधीची फाइल वेगळी जपून ठेवा, शुद्धलेखनाची चूक शेवटच्या दिवशीच सापडते. फॉंट ‘बलू’ घ्या. देवनागरी ‘बलू’ आणि कन्नड ‘बलू तम्मा’ एकाच घराण्यातले आणि मुक्त परवान्याचे आहेत, दोन्ही ओळींची जाडी जुळते. कन्नडमध्ये ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) ओळीच्या खाली उतरतं, म्हणून कन्नड ओळीखाली जास्त जागा सोडा. डीटीपीवाल्याकडून मजकूर आणलात तर युनिकोडमध्ये आहे का ते आधी विचारा.

उद्यमबाग_लेथ

टेबलावर ठेवायला हीच तीन नगरं खरी फिरवा. गणपतीच्या हलत्या देखाव्याचंच तंत्र, फक्त दात मोजून.

एक वायपर मोटर, १२ व्होल्ट, लो स्पीडला मिनिटाला सुमारे ४० फेरे. तिच्या आडव्या दांड्याला १६ दातांची तीन चाकं. त्यांना लागून ३२, ४८ आणि ८० दातांची चाकं. म्हणजे २, ३ आणि ५ पट सावकाश. ४० फेऱ्यांना हिशेब असा: फेरी ३, ४.५ आणि ७.५ सेकंदांची, योग ४५ सेकंदांनी. चाकं ६ मिमी एमडीएफमधून (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीतून) लेझरनं कापून घ्या. मोठी-लहान जोडी वेगवेगळ्या मापाची असल्यानं दांड्यांमधलं अंतर जुळत नाही, हे कापायला द्यायच्या आधी लक्षात घ्या: तिन्ही जोड्यांना मॉड्यूल (दाताचं माप) वेगळा ठेवला तरच एक मोटर-दांडा आणि एक मधला दांडा यांत काम भागतं. १६ अधिक ३२ म्हणजे ४८, १६ अधिक ४८ म्हणजे ६४, १६ अधिक ८० म्हणजे ९६. केंद्रांतलं अंतर ९६ मिमी धरलं तर मॉड्यूल ४, ३ आणि २ येतो. आकडे सरळ बसतात.

पट्टा लावू नका. साधा पट्टा थोडा थोडा घसरतो. अर्ध्या तासात योग इतका चुकतो की नगरं पुन्हा कधी रेषेत येतच नाहीत.

मधला दांडा एकात एक: आत ८ मिमीची भरीव सळई, तिच्यावर दोन नळ्या, मध्ये पितळी बुश, ०.२ मिमी मोकळीक. ग्रीस हलका. सुवर्णपुराचा हात सगळ्यांत लांब असतो, त्याच्या विरुद्ध बाजूला वजन टाका, नाहीतर खाली येताना धावतं आणि वर जाताना कण्हतं. पुरवठा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस. चालताना मोटर कमी घेते, सुटताना जास्त ओढते.

बाणाचा दिवा: प्रत्येक हाताला एक चुंबक, योगाच्या जागी तीन रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारे), तिन्ही एका माळेत. तिन्ही एकदम लागले तरच प्रवाह जातो, दुसरं डोकं लागत नाही. पण एलईडी पट्टी थेट त्यांवर जोडू नका, रीड स्विचच्या पात्या चिकटतात; मध्ये रिले (लहान प्रवाहानं मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) द्या. आणि लोहपुर सेकंदाला १२० अंश जातं, चुंबकाचा पल्ला १० अंशांचा धरला तर स्विच ०.०८ सेकंदच लागतो. दिवा लुकलुकला का नाही हेच कळणार नाही. तीन सेकंद धरून ठेवणारा टायमर घाला, नाहीतर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा लहान बोर्ड).

तिसरी_फ्रेम

मॉड्यूलचं कुणीच सांगितलं नव्हतं, वाचलो. शेवटचा प्रश्न. नगरं जळताना आग हातानं काढायची का? त्रिपुरवात पेटवून चित्रित केली तर चालेल का?

घाटाखालचा_चित्रकथी

चालेल, पण ज्वाळा वर जाते ती गरम हवा हलकी होऊन चढते म्हणून. कक्षेत वर-खाली नाही, तिथं ज्योत गोल होते. उभ्या ज्वाळा सुवर्णपुरावर लावल्यात तर ते जमिनीवर उभं असल्यासारखं दिसेल. साडेसातशे वातींची एक त्रिपुरवात तुपात भिजवून काळ्या कापडासमोर ठेवा (कापड दोन फूट मागं), एक्स्पोजर आणि फोकस पक्का करून बरोबर वरून चित्रित करा. वरून बघताना ज्वाळा निमुळती न दिसता गोल फुलते. ब्लेंड मोड स्क्रीन, म्हणजे काळं जाऊन फक्त उजेड उरतो. फोन थेट वर धरू नका, तुपाची काजळी भिंगावर बसते. आरसा तिरका लावून आरशातलं चित्र घ्या.

उद्यमबाग_लेथ

लोहपुराला ज्वाळा नकोच, ग्राइंडरच्या ठिणग्या घ्या. शटर १/५० ठेवलं की रेघा येतात. ठिणगी शेवटाला खाली वाकते, तो भाग कापा: पहिल्या ७-८ फ्रेमच वापरा, तोवर ती सरळ असते. भिंगासमोर साध्या काचेचा तुकडा धरा. ठिणग्या काचेत रुततात, आणि फोनचं भिंग काचेच्या तुकड्याइतकं स्वस्त नाही.